सिधोमला समजवायचं राहिलं होतं

बाखूमनं कुलूप मुठीत धरून हिसडलं, एकदा, परत एकदा, आणि खांद्यावरची बॅग घसरून कोपरावर आली तरी ती खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. कुलूप बकऱ्यांच्या गोठ्याचं होतं, जुनं, गंजलेलं, आणि ते सिधोमच्या खोलीला लावलेलं. या घरात आतल्या दाराला कधी साधी कडीसुद्धा लावत नसत.

"किल्ली कुठंय?"

"माझ्यापाशी," आई म्हणाली. ती दारासमोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, काळ्या कपड्यात, आणि किल्ली तिच्या गळ्यात क्रुसाच्या दोऱ्यालाच ओवलेली होती. "आधी हात-तोंड धू. मग आत जाऊन त्याच्यापाशी बस. दुपारी चर्चमधून अबूना येतील प्रार्थनेला, त्याच्या आत सगळं बोलून घे."

"कुणापाशी बसू, यम्मा?"

"भावापाशी. आणि कुणापाशी?"

बाखूमनं कुलूप सोडलं. ते दारावर आपटलं. त्यानं तळहाताकडं पाहिलं, गंजाचा डाग पडला होता, आणि तो डाग तो पँटला पुसत राहिला, बराच वेळ.

सिधोमला परवा संध्याकाळीच पुरलं होतं. बाखूमला कळलंच उशिरा, कारण तो कैरोच्या धर्मविद्यालयातल्या पोरांबरोबर तांबड्या समुद्राकडच्या मठात मौनव्रताला गेला होता आणि तिथं फोन दाराशीच काढून घेतात. काल एक म्हातारा संन्यासी त्याच्या खोलीशी आला आणि म्हणाला, तुझ्या घरून निरोप आहे, बस पकड. काय झालंय ते सांगितलं नाही. ते त्याला वाटेत, मिन्याच्या स्टँडवर, गावच्या एका रिक्षावाल्यानं सांगितलं, तेही असं की बाखूमला माहीतच असणार म्हणून. म्हणजे बॅग होती खांद्यावर, हातात पाण्याची बाटली, आणि तो माणूस म्हणतोय, देव तुमच्या सिधोमला शांती देवो, वायरची साल निघाली होती म्हणे.

"आत कुणी नाही," बाखूम म्हणाला.

"हळू बोल."

"यम्मा, आत कुणी नाही."

मागून बहीगा मावशी कॉफीच्या कपांचं तबक घेऊन आली. बहीगा मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, बोलायला लागली की अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारी. तिनं तबक कट्ट्यावर ठेवलं आणि बाखूमला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आला का आमचा पंडित. अरे, आईला मिठी तरी मारशील का, का त्यालाही कैरोहून परवानगी लागते?"

त्यानं मारली. वाकला, बॅग पुढं आली आणि आईच्या खांद्यावर आदळली, आणि आईनं त्याच्या मानेला हात घातला तो थेट कॉलरच्या आत, लहानपणी ताप बघायची तसा. रडली मात्र नाही. त्याच्या कानाशी ती एवढंच म्हणाली, "किती उशीर केलास. तो वाट बघतोय."

अंगणात पुरुषमंडळी बसली होती. सगळी खाणीवरची, सगळ्यांच्या पायताणांना ती पांढरी भुकटी लागलेली. पूर्वेच्या डोंगरात चुनखडीच्या खाणी आहेत आणि आमच्याकडचा पुरुष एक तर तिथं जातो, नाहीतर समुद्रापार जायच्या गोष्टी करत बसतो आणि मग तिथंच जातो. बाखूमचा बाप त्याच भुकटीनं खोकत खोकत गेला. मग सिधोम जायला लागला, ओठांवर मिशी नव्हती तेव्हापासून. बाखूम तेवढा पुस्तकांत वाचला, असं सिधोमच म्हणायचा आणि हसायचा.

नळावर बाखूम तोंड धूत होता तेव्हा अयाद त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. अयाद आणि सिधोम एकाच यंत्रावर असायचे, एकानं पातं ढकलायचं, दुसऱ्यानं मागून केबल उचलून धरायची. अयादच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती.

"मी ओढायला गेलो त्याला," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "मला उडवून टाकलं. मी पडलो तिकडं आणि तो तिथंच चिकटलेला. मुकादम ओरडतोय, यंत्र बंद करा, यंत्र बंद करा. दगडाची काळजी होती त्याला, अर्धा कापला गेला होता ना." तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "आंघोळ घातली आम्ही त्याला. कानातली भुकटी काही केल्या निघेना. शेवटी अबूना म्हणाले राहू दे, तिकडं ओळखतील त्याला."

बाखूमनं नळ बंद केला. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला त्याचा गोंदलेला निळा क्रूस ओला चमकत होता. दोघा भावांना एकाच दिवशी गोंदलं होतं, जत्रेत, आणि सिधोमनं आधी आपला हात पुढं केला होता म्हणजे धाकट्याला कळावं की काही होत नाही.

"तू आत जाणार आहेस ना?" अयाद म्हणाला. "तुझ्या आईनं सांगितलंय सगळ्यांना. बाखूम येईपर्यंत अबूनांनी यायचं नाही, पाणी शिंपडायचं नाही. आज सकाळी अबूना येऊन दारातून परत गेले, माहितेय? म्हातारा माणूस."

आता हे तिसऱ्या दिवसाचं असं आहे. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी अबूना घरी येतात, धूप फिरवतात, पाण्यावर प्रार्थना करून ते पाणी खोल्याखोल्यांत शिंपडतात. आमच्या आयाबायांचं म्हणणं, तोवर गेलेल्याचा जीव घरातच असतो. आपल्या अंथरुणाशी, आपल्या माठाशी घुटमळत असतो, आणि अबूना येऊन त्याला म्हणतात, आता नीघ बाळा, वाट मोकळी आहे. शिकलेले लोक म्हणतात असं काही नसतं, ती प्रार्थना घरच्यांच्या दिलाशासाठी असते. बाखूमनं तर मागच्या वर्षी यावर एक निबंधच लिहिला होता, वर्गात वाचून दाखवला होता आणि एका बिशपांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

तो आत आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. तो आईसमोर मांडी घालून बसला, बॅग मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा बोटाला गुंडाळत बोलायला लागला, आवाज एकदम शांत, वर्गात असायचा तसा.

"यम्मा, ऐकशील का माझं? क्रुसावर प्रभूच्या शेजारी तो चोर होता. त्याला प्रभूनं काय सांगितलं? आजच, म्हणाला. आजच तू माझ्यासोबत असशील. तीन दिवसांनी असं नाही म्हणाला."

"तो चोर होता," आई म्हणाली. "त्याला घर कुठं होतं."

बहीगा मावशीनं तोंडावर डोक्यावरच्या ओढणीचं टोक धरलं.

"घराचा प्रश्नच नाही. जीव देहातून सुटला की तो देवाकडं जातो. तिथल्या तिथं. तो खोलीत बसत नाही, त्याला तहान लागत नाही, त्याला कुलपानं अडवता येत नाही. तू कुलूप लावून कुणाला थांबवलंयस?"

"तुझ्या मावशीला. गादी उचलायला निघाली होती."

"धुवायला, गं," मावशी म्हणाली.

"त्याचं काम राहिलंय," आई म्हणाली. "ते झालं की जाईल. मी काय त्याला जन्मभर ठेवणार आहे का?"

इथं त्यानं विचारायला हवं होतं, कसलं काम. पण तो बोलत सुटला होता आणि त्याला थांबता येत नव्हतं. थांबलं की त्या रिक्षावाल्याचा आवाज यायचा. पट्टा त्यानं इतका आवळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तो सांगत गेला. पहिल्या शतकातले ख्रिस्ती लोक मेलेल्यांसाठी काय करायचे, ही रीत कुठून आली, आपले फारोच्या काळातले पूर्वज कबरीत भाकरी आणि पाणी ठेवायचे आणि तेच कसं चिकटून राहिलं, चर्चनं कितीदा समजावलंय. सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकीचा नव्हता. आणि आई ऐकत होती, खरंच ऐकत होती, कारण तिला वाचता येत नाही आणि हा पोरगा वाचतो याचा तिला इतका अभिमान की त्याची पत्रं ती शेजारणीकडून दोनदा वाचून घ्यायची आणि मग उशीखाली ठेवायची.

"तुला हे खरं वाटतं?" तिनं विचारलं. "का वाचलंयस नुसतं?"

"मला माहीत आहे, यम्मा."

"म्हणजे तिथंच? खाणीतच?"

"तिथल्या तिथं."

"घरी आलाच नाही."

त्यानं पट्टा सोडला. "नाही."

आईनं त्या दाराकडं पाहिलं. बाहेर कुणीतरी खोकलं, कुणीतरी कप खाली ठेवला.

"मग मी दोन दिवस कुणाशी बोलत होते?"

"देव ऐकत होता ना."

"देवाला कशाला सांगू मी ते," आई म्हणाली, रागानं नाही, साधंच म्हणाली. "त्याच्याशी माझं वेगळं बोलणं असतं."

मग तिनं दोरा मानेवरून काढला. तो केसांच्या पिनेत अडकला, मावशी मदतीला पुढं झाली, आईनं तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच सोडवला. किल्ली काढून बाखूमच्या हातात दिली आणि क्रूस परत गळ्यात घातला.

"घे. उघड. अबूनांना निरोप धाड म्हणावं या."

"यम्मा, मला तुला दुखवायचं नव्हतं."

"तू शिकलास. तुला माहीत असणारच."

बहीगा मावशी उठली. "शाबास, रे पोरा," ती म्हणाली, आणि नेहमीचा गल्लीत ऐकू जाणारा आवाज यावेळी नव्हता. "इतकी वर्षं शिकून आलास आणि पहिल्यांदा काय केलंस तर आईचं घर रिकामं केलंस."

कुलूप किल्लीला दाद देईना. तेल लागलं असतं, पण त्यानं ते मागितलं नाही, जोर लावला आणि उघडलं.

खोलीत खिडकी बंद होती, तरी वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. पलंगावर सिधोमची सणाची निळी गलाबिया, पायघोळ झगा, पसरून ठेवली होती, इस्त्री केलेली, बाह्या छातीवर जुळवून, मान उशीवर. आणि पलंगासमोर, अगदी जवळ, बाखूमच्या शाळेच्या दिवसांतलं ते लाकडी स्टूल ओढून ठेवलं होतं, आणि स्टुलावर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आजाऱ्याला भेटायला कुणी यावं आणि त्याच्या उशापायथ्याशी बसावं, अशी ती मांडणी.

बाखूमनं फडकं उलगडलं. आत कुर्बान होता. उपासनेनंतर सगळ्यांना वाटतात ती गोल भाकरी, मधोमध चौकोनात क्रुसाचा ठसा, त्याभोवती बारीक बारा क्रूस आणि पाच भोकं. चर्चच्या भट्टीतला. कडा वाळून कडक झाल्या होत्या.

"हे कशाला?" त्यानं विचारलं. आई दारापर्यंत आली होती, उंबऱ्याच्या बाहेरच उभी. "यम्मा, हे त्याला खायला ठेवलंयस?"

"नाही, रे. तुझ्यासाठी आहे. समजवायला."

"काय समजवायला?"

"तेच. कुर्बान म्हणजे काय ते." ती त्याच्याकडं अशी बघत होती की याला हे माहीत कसं नाही. "तू त्याला सांगितलं होतंस ना, नाताळाच्या सणाला. चर्चच्या अंगणात. ती पोरं होती सगळी."

बाखूम स्टुलावर बसला, फडकं आणि भाकरी मांडीवर घेऊन.

त्याला आठवत होतं, अर्धवट. सणाची उपासना संपली होती, सगळे वेदीपुढून अशाच भाकरीचा, प्रभूचा देह मानतात तो पवित्र घास घेऊन, तोंडावर रुमाल धरून बाहेर आले होते, आणि बाखूम रविवारच्या शाळेतल्या पोरांना काहीतरी समजावत होता. सिधोम जवळ आला, तोंडभर हसत, आणि बाखूमला वाटलं चला, याच्यावरूनच दाखवू. सिधोम, आत्ता तू काय घेतलंस? कुर्बान, सिधोम म्हणाला. म्हणजे काय? म्हणजे, कुर्बान. अरे पण म्हणजे काय, तो काय आहे, भाकरी आहे, देह आहे, काय आहे? सिधोम पोरांकडं बघून लाजला आणि म्हणाला, मला काय माहीत, मला घेतल्यावर इथं गरम वाटतं, आणि त्यानं छातीवर हात ठेवला. पोरं हसली. बाखूमही हसला असेल. आणि मग तो म्हणाला होता की गरम तर चहानंसुद्धा वाटतं, आणि न समजता घेणारा माणूस स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो असं बायबलात प्रेषितानंच बजावलंय. हे त्यानं पोरांसाठी म्हटलं होतं. पुढं लगेच दुसराच मुद्दा सुरू केला होता.

"त्यानंतर त्यानं घेतला नाही," आई म्हणाली.

"काय घेतला नाही?"

"घास. चर्चला यायचा. पहिल्यासारखाच यायचा, मागं खांबाशी उभा राहायचा, सगळं म्हणायचा. वेदीपाशी जायची वेळ आली की बाहेर जाऊन चपला राखत बसायचा. मी म्हटलं अरे जा की. तर म्हणाला, नको यम्मा, मला अजून समजलं नाही, उगाच पाप लागायचं. बाखूमला विचारतो. सुट्टीला आला की नीट समजावून घेतो आणि मग घेतो."

"मोठ्या उपासात?"

"नाही."

"ईस्टरला?"

"ईस्टरला तर रडला. बाहेर बसून. तू येणार होतास ना उन्हाळ्यात."

उन्हाळ्यात बाखूम आला नव्हता. कैरोत एका बिशपांना जुन्या प्रवचनांच्या भाषांतरात मदत हवी होती आणि मोठी संधी होती ती. त्यानं घरी फोन करून सांगितलं तेव्हा सिधोमच फोनवर होता. बरं झालं की, म्हणाला होता, तू तिकडं पक्का होऊन ये, मला काही घाई नाही.

"फोनवर का नाही विचारलं त्यानं?"

"मी म्हटलं विचार. तर म्हणाला असलं फोनवर विचारतात का? आणि त्याला वाटायचं तू चिडशील, की एवढंही समजत नाही." आई चौकटीला टेकली. "म्हणून मी थांबवलं होतं. म्हटलं, बाखूम येईल, त्याच्यापाशी बसेल, त्याला सांगेल. मग तो समजून जाईल. असा कसा जाईल, घास न घेता, न समजता. कुठं जाईल?"

बाखूमनं तोंड उघडलं. त्याच्यापाशी उत्तरं होती. देवाची दया होती, मनातली इच्छाच देव धरतो असं सांगणारे चर्चचे जुने आचार्य होते, निदान चार जणांची नावं त्याच्या जिभेवर होती. त्यानं एकही घेतलं नाही. त्याचा अंगठा भाकरीच्या भोकावरून फिरत होता आणि कडेचा वाळका तुकडा मोडून फडक्यावर पडला.

"पण ठीक आहे," आई म्हणाली. "तू सांगितलंस ना आता. तो इथं आलाच नाही. मी आपली वेड्यासारखी." ती आत आली आणि गलाबियाची बाही उचलून घडी घालायला लागली.

"राहू दे ते," बाखूम म्हणाला.

"कशाला राहू दे? अयादच्या भावाला होईल."

"यम्मा, राहू दे."

तिनं बाही सोडली. अंगणात गडबड झाली, खुर्च्या सरकल्या, मंडळी उठल्याचा आवाज, आणि बहीगा मावशी म्हणाली, या अबूना, या, सांभाळून, पायरी आहे.

अबूना सरबामून गावचे जुने धर्मगुरू, दोन्ही भावांचा बाप्तिस्मा त्यांनीच केलेला. डोळ्यांनी आता कमी दिसायचं, त्यामुळं ते प्रत्येकाचा चेहरा हातानं चाचपून मग नाव घ्यायचे. बाखूम त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याच्या गालावरून बोटं फिरवली आणि थांबले.

"बाखूम. आलास होय. काय शिकवतात सध्या तिकडं?"

"काही नाही, अबूना."

"मग बरंय," ते म्हणाले.

प्रार्थना सुरू झाली. धूपदाणीच्या साखळ्या वाजायला लागल्या, धूर अंगणात पसरला, मंडळी उभी राहिली. सवयीनं बाखूम अबूनांच्या डावीकडं उभा राहिला, प्रत्युत्तरं म्हणायला, कारण तो शम्मास, वेदीपाशी सेवा करणारा, आणि ते त्याचंच काम होतं. त्याचा आवाज गावात प्रसिद्ध होता. पण त्या दिवशी अयादच म्हणत होता, बेसूर, फडकी बांधलेले हात पुढं धरून, आणि बाखूमचे नुसते ओठ हलत होते. मग अबूनांनी पाण्याच्या कटोऱ्यावर क्रूस काढला, पाणी ओंजळीत घेतलं आणि शिंपडत निघाले. अंगण, चूल, माठाची जागा, आईचं अंथरूण. बहीगा मावशीनं त्यांचं कोपर धरलं होतं. आई पुढं चालली होती, दारं उघडत, एखाद्याला घर भाड्यानं दाखवावं तशी.

"ही शेवटची खोली, अबूना. सिधोमची."

बाखूम आधीच तिथं पोचला होता. तो दारात उभा होता, एक हात या चौकटीला, एक त्या चौकटीला, आणि त्याचं त्यालाच कळलं नसावं असं वाटलं, कारण अबूना अगदी समोर आले, त्यांचा ओला हात वर होता, आणि तो हलला नाही.

"बाखूम, बाजूला हो, बाळा," आई म्हणाली.

"अबूना, थोडं थांबता?"

"कशासाठी?"

त्यानं आईकडं पाहिलं. मग अबूनांकडं. अंगणातली सगळी मंडळी पाहत होती, तीच माणसं, ज्यांतल्या निम्म्यांची पोरं त्या दिवशी चर्चच्या अंगणात हसली होती.

"माझं त्याच्याशी बोलायचं राहिलंय," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

अबूना तसेच उभे राहिले. हातातलं पाणी बोटांतून गळून त्यांच्या काळ्या झग्यावर पडत होतं. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मग बाखूमचा, तोच वर्गातला आवाज, फक्त सुरुवातीला एकदा चिरकला.

"हे बघ सिधोम. हा मधला चौकोन आहे ना, हा प्रभू. आणि हे भोवतालचे बारा, हे त्याचे शिष्य. इथपर्यंत कळलं?"

तो थांबला. जेवढा वेळ एखादा माणूस मान हलवायला घेतो तेवढा थांबला.

"आणि ही भोकं. ही पाच आहेत. हे तीन खिळे, हा काट्यांचा मुकुट, हा भाला. आता हे जे आपण घेतो, ते..."

मग काहीच नाही. मग परत पहिल्यापासून. हे बघ सिधोम, हा मधला चौकोन.

बहीगा मावशीचा बांध फुटला. ती भिंतीला धरून खाली बसली. "ऐकतोय गं तो," ती बहिणीला म्हणाली, "ताई, ऐकतोय, थांबलाय तो."

"नाही," आई म्हणाली. "तो नाहीये तिथं. तो खाणीतच गेला. बाखूमनं मला नीट समजावलंय सगळं."

आत बाखूम तिसऱ्यांदा त्या भोकांपाशी आला होता आणि तिथंच अडला होता. अबूनांनी कटोरा खाली ठेवला, हळूच, पाणी हिंदकळू न देता, आणि ते उंबऱ्याशी जमिनीवर बसले. म्हातारा माणूस, गुडघे धरून. पुढं कधी उठणार ते त्यांनी सांगितलं नाही.

आईनं अंगणात नजर टाकली. पुरुषांच्या पायताणांची पांढरी भुकटी सगळीकडं पडली होती, ठसे ठसे. तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"अगं, काय करतेस," मावशी रडता रडता म्हणाली. "अजून प्रार्थना संपली नाही. जीव घरात असताना झाडत नाहीत."

आईनं झग्याचा घोळ कमरेला खोचला, वाकली आणि दारापासून झाडायला सुरुवात केली.